हिंगोलीच्या धक्क्यांचा लोणारच्या विवराशी संबंध आहे का?

प्रश्न असा आहे: २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या आसपास त्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीतून आवाज येतात. कॅनडात एका प्राचीन उल्काविवराखाली सतत भूकंप होतात, असं प्रश्न विचारणाऱ्यांनी वाचलं. मग लोणारच्या आघाताने जमीन खोलवर तडकली असेल, आणि त्याच तड्यांतून हे धक्के, अगदी १९९३ चा किल्लारीचा भूकंपही, आला असेल का? गावातलं त्यांचं घर माळवदाचं आहे, म्हणून ही काळजी.

लोणारचा हिंगोलीच्या धक्क्यांशी संबंध नाही, किल्लारीशीही नाही. पण कॅनडाबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे आणि त्यावर भूकंपशास्त्रात बरंच गंभीर काम झालेलं आहे. म्हणून आधी तिकडेच जाऊ. तिथलं प्रकरण नीट समजलं की लोणारचं उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही.

क्यूबेक शहराच्या ईशान्येला साधारण शंभर किलोमीटरवर, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी शार्लव्वा नावाचा भाग आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी तिथे एक मोठा अशनी आदळला. विवराचा व्यास सुमारे ५४ किलोमीटर. अर्धंअधिक विवर उत्तर काठावरच्या डोंगराळ मुलखात आहे, उरलेलं नदीखाली. मधोमध ७६८ मीटर उंचीचा एबूलमाँ डोंगर उभा आहे. आघातानंतर विवराचा तळ उसळून वर आला, त्याचा तो उरलेला भाग. १९६५ मध्ये झेआँ राँदो या भूवैज्ञानिकाला इथल्या खडकांत शंकूच्या आकाराच्या भेगा सापडल्या, टोकाकडून खाली रुंद होत गेलेल्या. ज्वालामुखीने किंवा भूकंपाने अशा भेगा पडत नाहीत. त्यासाठी क्षणार्धात येणारा प्रचंड दाब लागतो, आणि निसर्गात तो फक्त अशनीच्या आघातातून मिळतो. तेव्हापासून हे विवर आघाताचंच आहे, याबद्दल वाद राहिला नाही.

नेमका हाच भाग पूर्व कॅनडातला सर्वांत अस्वस्थ भाग आहे. वर्षाला दोनशेहून जास्त भूकंप यंत्रांवर नोंदले जातात, बहुतेक माणसाला न जाणवणारे. मोठेही होऊन गेलेत: १६६३, १७९१, १८६०, १८७० आणि १९२५. १६६३ चा भूकंप सातच्या आसपासचा असावा. त्या वेळच्या जेझुइट मिशनऱ्यांनी कोसळलेल्या कड्यांची आणि गढूळ झालेल्या नदीची वर्णनं लिहून ठेवली आहेत. १ मार्च १९२५ चा ६.२ चा होता. भूपट्टांची सीमा इथून हजारो किलोमीटर दूर आहे. अशा शांत असायला हव्या त्या जागी एवढे भूकंप, आणि नकाशावर ठिपके टाकले तर त्यांतले बरेचसे विवराच्या वर्तुळात! विवरामुळेच भूकंप होतात, हा निष्कर्ष कुणालाही पटेल असाच होता.

पण भूकंपाचा नकाशा वरून बघणं आणि उभा छेद घेऊन बघणं यात फार फरक आहे. शार्लव्वाचे भूकंप छेदावर मांडले, की ते विवराच्या वाटीत भरलेले दिसत नाहीत. बहुतेक भूकंप ५ ते २५ किलोमीटर खोलीवर होतात. म्हणजे आघाताची मोडतोड जिथपर्यंत पोचली असावी, त्याच्याही खाली काही होतात. त्यातही ते नदीला समांतर, ईशान्य-नैर्ऋत्य धावणाऱ्या आणि आग्नेयेकडे उतरणाऱ्या पट्ट्यांत जमलेले दिसतात. हे पट्टे म्हणजे सेंट लॉरेन्सच्या जुन्या खचदरीचे भ्रंश, म्हणजे ज्यांच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात अशा खोल भेगा. आयपेटस नावाचा, आता नाहीसा झालेला महासागर उघडत असताना, सुमारे साठ कोटी वर्षांपूर्वी, तिथलं कवच ताणलं जाऊन फाटलं. तेव्हाचे हे भ्रंश आहेत, म्हणजे विवराच्याही आधीचे. अशनी आदळला तो आधीच फाटलेल्या जमिनीवर.

आता यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. शार्लव्वाचे छोटे भूकंप विवराच्या आत विखुरलेले आहेत. मोठे मात्र विवराच्या बाहेर, ईशान्य टोकाकडे, त्या जुन्या भ्रंशांवर होतात. २०१० च्या सुमारास क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं त्रिमितीय संगणकीय प्रारूप तयार केलं. त्यात एक वाटीच्या आकाराचा कमजोर भाग ठेवला, त्यातून जाणारे कमजोर भ्रंश ठेवले आणि पूर्व कॅनडात प्रत्यक्ष आहे तसा आडवा दाब दिला. भ्रंश दाबाला वाट काढून विवराकडे आणतात, विवराचा कमजोर भाग तो दाब धरून ठेवू शकत नाही, आणि मग तो दाब विवराच्या कडांभोवती व बाहेरच्या भ्रंशांवर चढतो. प्रत्यक्षात दिसते तशीच लहान-मोठ्या भूकंपांची विभागणी प्रारूपातही उमटली.

यामागचं कारण साधं आहे. वाळलेली फांदी वाकवत गेलात तर ती बराच वेळ ताण धरते आणि मग एकदम कडाडून मोडते. आधीच किडलेली फांदी कुरकुर करत थोडीथोडी तुटत राहते. आघाताने चुरा झालेल्या खडकात सलग असं काही उरलेलंच नसतं. हजारो लहानमोठ्या, सगळ्या दिशांना तोंड केलेल्या भेगा असतात. मोठ्या भूकंपाला लांब, सलग भ्रंश लागतो: सहाच्या भूकंपाला साधारण दहा-पंधरा किलोमीटर, सातच्याला चाळीस-पन्नास. विवराच्या आत तेवढी सलग रेष सापडणं कठीण. म्हणून विवर असलं म्हणजे मोठा भूकंप होणार, ही समजूत मोठ्या भूकंपांच्या बाबतीत तर उलटीच ठरते.

मग विवर नसतं तर शार्लव्वा शांत असतं का? याचं उत्तर शेजारीच आहे. २५ नोव्हेंबर १९८८ ला शार्लव्वाच्या वायव्येला साग्ने भागात ५.९ चा भूकंप झाला, जवळपास तीस किलोमीटर खोलीवर. तिथे विवर नाही. १९३५ चा टेमिस्कमिंगचा सहाच्या वरचा भूकंप पश्चिम क्यूबेकच्या सीमेवर झाला, तिथेही नाही. सेंट लॉरेन्सच्या खालच्या पात्राजवळ आणखी एक भूकंपप्रवण पट्टा आहे, विवराविना. आणि उलट बाजूने बघा: त्याच क्यूबेक प्रांतात मॅनिकुआगनचं विवर आहे, शार्लव्वाच्या जवळजवळ दुप्पट मोठं, आणि वयाने निम्म्याहून लहान, सुमारे २१.४ कोटी वर्षांचं. त्याच्याभोवतीचं कंकणाकृती तळं अवकाशातून काढलेल्या फोटोंमध्ये तुम्ही बघितलं असेल. तिथला आघात मोठा, म्हणजे मोडतोडही जास्त. तरी शार्लव्वासारखा भूकंपांचा पट्टा तिथे नाही, कारण सेंट लॉरेन्सच्या खचदरीचे भ्रंश त्याच्याखालून जात नाहीत. आघाताने जमीन तडकली एवढ्याने भूकंप होत असते, तर मॅनिकुआगन शार्लव्वाहून जास्त हललं असतं.

तेव्हा माझं म्हणणं असं: भूकंपाची ताकद भूपट्टांच्या दाबातून येते, तिची वाट जुने भ्रंश ठरवतात, आणि त्या वाटेवर एखादं मोठं विवर पडलेलं असलं तर ते छोट्या भूकंपांची मांडणी बदलतं. यापलीकडे विवराला श्रेय देता येत नाही. आणि विवराचा हा वाटा ठळक दिसावा असं चांगलं उदाहरण म्हणजे शार्लव्वा.

जगाच्या नकाशावर बघितलं तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. पृथ्वीवर आजवर दोनशेच्या आसपास उल्काविवरं पक्की झाली आहेत. त्यांतली बहुतेक कॅनडा, स्कँडिनेव्हिया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा जुन्या, स्थिर भूखंडांवर आहेत. अशनी तिथेच जास्त पडले असं नाही. तिथली जमीन टिकली म्हणून विवरं टिकली. जपान, चिली, हिमालय या भूकंपांच्या मुलखांत जमीन सतत घडी पडून, उचलली जाऊन, झिजून बदलत असते. जुनी विवरं तिथे उरत नाहीत. त्यामुळे जिथे विवरं दिसतात तिथे सहसा भूकंप कमी असतात. मेक्सिकोतलं चिक्शुलुब घ्या. डायनोसॉर संपवणाऱ्या आघाताचं, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, दीडशे किलोमीटरहून मोठं विवर. ते ज्या युकातान द्वीपकल्पावर आहे, तो मेक्सिकोचा सर्वांत शांत भाग. १९८५ ला मेक्सिको सिटीची वाताहत करणारा आठचा भूकंप प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरून आला, जिथे कोकोस भूपट्ट खंडाखाली सरकतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडफोर्टचं उदाहरण लोक हमखास देतात. दोनशे कोटी वर्षांहून जुनं आणि जगातलं पक्कं झालेलं सर्वांत मोठं विवर, आणि त्याच्या परिसरात भूकंपही खरोखर होतात. ५ ऑगस्ट २०१४ ला ओर्कनीजवळ ५.५ चा झाला. पण हा सोन्याच्या खाणींचा मुलूख आहे. तीन-तीन किलोमीटर खोल खणून खडक बाहेर काढला की उरलेल्या खडकावरचा ताण बदलतो आणि धक्के बसतात. एवढ्या काळात विवराच्या भेगा खनिजांनी भरून सांधल्याही गेल्या आहेत. भेगांतून फिरणाऱ्या पाण्याने क्वार्ट्झ, कॅल्साइट आणून त्या बुजवण्याचं काम फार पूर्वीच केलं. अमेरिकेत २३ ऑगस्ट २०११ ला व्हर्जिनियात ५.८ चा भूकंप झाला, तेव्हाही चेसापीक उपसागराखालच्या विवराचं नाव पुढे आलं होतं. केंद्र विवराच्या मध्यापासून दीडशे किलोमीटरहून जास्त दूर होतं.

आता आपल्याकडे येऊ.

लोणारचा व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. शार्लव्वाच्या तिसाव्या हिश्शाएवढा. वयाबद्दल अजून एकवाक्यता नाही. एका पद्धतीने पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. दोन्हींपैकी कुठलंही धरा, आपल्या मुद्द्याला फरक पडत नाही. विवराच्या काठावरून खाली सरोवराकडे उतरताना बेसॉल्टचे थर नीट बघा. एरवी दख्खनमध्ये हे थर आडवे असतात. इथे ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आघाताने उचलून ढकललेले. त्यांच्यावर आतून उडालेल्या मलब्याची चादर आहे, बारीक मातीपासून मोठमोठ्या धोंड्यांपर्यंत सगळं मिसळलेली. काठापासून थोडं दूर गेलात की थर पुन्हा आडवे होतात. विवराचा व्यास जेवढा, त्याहून फार दूर किंवा फार खोल हा परिणाम जात नाही. लोणारखाली बेसॉल्टच सहा-सातशे मीटर जाड आहे. १.८ किलोमीटरच्या विवराखालची मोडतोड फार तर किलोमीटरभर खोल जाईल. म्हणजे ती बेसॉल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये जेमतेम शिरली असेल.

हिंगोलीच्या २१ मार्च २०२४ च्या भूकंपाचं केंद्र लोणारपासून आडव्या अंतराने सुमारे शंभर किलोमीटर दूर होतं. भूकंपाच्या दोन मुख्य लहरी असतात. पहिली सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. दोघींच्या येण्यातलं अंतर सेकंदांत मोजून आठने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर आहे त्याचा चांगला अंदाज येतो. त्या दिवशीच्या धक्क्याच्या दोन लहरी लोणारच्या काठावर साधारण बारा सेकंदांच्या अंतराने पोचायला हव्यात. लोणारच्या भेगा हलल्या असत्या तर हे अंतर सेकंदभरही राहिलं नसतं. एवढ्यावर प्रश्न मिटतो. पुन्हा ४.५ च्या भूकंपात जमिनीखाली सरकणारा भाग असतो जेमतेम एक-दीड किलोमीटरचा, म्हणजे तो भ्रंश लोणारपासून हिंगोलीपर्यंत सलग येतो असंही म्हणता येत नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण भूकंपांच्या याद्या डाउनलोड करून त्यावर सिद्धांत मांडणारे बरेच जण यात फसतात. हिंगोलीच्या त्या भूकंपाची खोली यादीत १० किलोमीटर लिहिलेली आहे. याद्यांमध्ये १० हा आकडा सारखा दिसेल. जवळपास पुरेशी यंत्रं नसली की खोली नीट निघत नाही. मग गणित चालावं म्हणून ती १० वर ठेवून द्यायची रीत आहे. जुन्या याद्यांत असाच ३३ किलोमीटरचा आकडा भरलेला सापडेल. केंद्राची जागाही विरळ यंत्रांवरून काढली तर पाच-दहा किलोमीटरने इकडेतिकडे होऊ शकते. अशा यादीतले ठिपके पावणेदोन किलोमीटरच्या विवराभोवती वर्तुळात बसतात की नाही, हे बघण्यात काही अर्थ नाही. त्या वर्तुळापेक्षा ठिपक्यांची चूक मोठी आहे. शार्लव्वात हे काम करता आलं ते नदीच्या दोन्ही काठांवर गेली कित्येक दशकं कायमची यंत्रं बसवलेली आहेत म्हणून.

किल्लारी तर लोणारपासून दोनशे किलोमीटरहून लांब. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून गावं नुकती झोपलेली. तीव्रता ६.२, मृत्यू सुमारे दहा हजार. त्यानंतर तिथे खोल छिद्रं घेण्यात आली. एका छिद्रात ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली आठेक मीटर जुना गाळ, आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. भूकंप त्या प्राचीन खडकात, काही किलोमीटर खोलीवर झाला. भारतीय भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे जाऊन आशियाला भिडतो, त्याचा दाब सगळ्या द्वीपकल्पात भरलेला आहे. बेसॉल्टच्या खाली जुन्या कमजोर रेषा झाकल्या गेल्या आहेत. दाब त्यांतल्या एखादीवर सुटतो. किल्लारीला खडक एकमेकांवर चढले, दाबाखाली व्हावं तसंच. मराठवाड्यात आपल्याला चिंता वाटावी ती या झाकलेल्या रेषांची. त्या वरून दिसत नाहीत आणि त्यांचा पत्ता बहुतेक वेळा भूकंप झाल्यावरच लागतो.

कच्छ आपल्याला शार्लव्वाच्या जवळ नेणारं उदाहरण आहे, पण विवरासाठी नव्हे. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, ७.७ चा, जुन्या खचदरीच्या भ्रंशांवर झाला, सेंट लॉरेन्ससारख्याच. ताणाखाली तयार झालेले भ्रंश आता दाबाखाली उलटे सरकताहेत. त्याच कच्छमध्ये लुना नावाच्या गावाजवळ एक गोलाकार खळगा आहे. तो उल्काविवर असावा असं काही संशोधकांनी मांडलं आहे. तो तसा ठरला तरी वयाने काही हजार वर्षांचा आणि आकाराने लोणारएवढाच. भूजचा भूकंप जिथे झाला ती खोली पंधरा-वीस किलोमीटरची. खळगा आणि भूकंप एकाच जिल्ह्यात आहेत, एवढंच त्यांचं नातं. मुंबईजवळच्या समुद्राखाली ‘शिवा’ नावाचं पाचशे किलोमीटरचं विवर असल्याचा सिद्धांतही तुमच्या वाचनात आला असेल. बहुतेक भूवैज्ञानिक ते विवर मानत नाहीत, त्यामुळे त्यावर कोयना किंवा पालघरचे धक्के टांगू नयेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ चा भूकंप आणि त्यानंतर आजतागायत बसणारे धक्के शिवसागर जलाशयाच्या पाण्याशी जोडलेले आहेत. जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचं नातं वर्षानुवर्षांच्या नोंदींत दिसतं.

आता पांगरा शिंदेचे आवाज. अगदी छोटा भूकंप उथळ झाला तर त्याची पहिली लहर जमिनीतून हवेत शिरताना कानाला ऐकू येते, गडगडाटासारखी किंवा स्फोटासारखी. धक्का जाणवण्याइतका नसला तरी आवाज येऊ शकतो. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून असेच आवाज आणि धक्के सुरू झाले होते. आवाज ऐकू येतो याचा अर्थ उगम जवळ आणि उथळ आहे. शंभर किलोमीटरवरच्या लोणारहून तो तुमच्या कानापर्यंत यायचा नाही. या आवाजांची खरी उकल व्हायची तर त्या दहा-पंधरा गावांच्या पट्ट्यात काही महिने दाट यंत्रं हवीत. ठिपके एका रेषेत आले तर तो भ्रंश, आणि तो किती लांब आहे यावर पुढचा धोका ठरेल. विवराच्या चर्चेपेक्षा ही मागणी गावकऱ्यांनी लावून धरली तर मला जास्त आनंद होईल.

आणि तुमच्या घराबद्दल. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः माळवदाच्या घरांमुळे. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळे थर असते. मध्ये माती आणि दगडांचा भरणा. हादऱ्यात दोन थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा बाहेर पडतो आणि आतला घरात. वरून फूट-दीड फूट, कधी त्याहून जास्त जाडीची माती कोसळते. दर पावसाळ्याआधी नवी माती चढवत गेल्याने हे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलं असतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे जुनी माती उतरवून छत हलकं करणं; गळतीसाठी वर पत्रा किंवा दुसरा हलका थर चालतो. दुसरं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे बांधदगड बसवणं. दगड मिळत नसेल तर छिद्र पाडून सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा आरपार टाकतात, तोही तेच काम करतो. तिसरं, दाराखिडक्यांच्या वरच्या पातळीला चारही भिंती बांधून ठेवणारा सलग पट्टा. पैसे एकाच कामापुरते असतील तर छताची माती आधी उतरवा, आणि तोवर त्या खोलीत झोपू नका.